शिंपल्यांचं वजन

फाल्गुन लागला की आमच्या दगडी गडग्यापलीकडून पाठांतराचा आवाज सुरू होतो. शेजारची मयुरी यंदा दहावीला आहे. पडवीत येरझाऱ्या घालत, हाताची बोटं मोडत ती मोठ्यानं घोकते. परवा तिचं रसायनशास्त्र चाललं होतं. "रासायनिक अभिक्रियेत द्रव्य निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही." तीच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी इकडे सुपात तांदूळ निवडत बसले होते. हात थांबला. साठ वर्षं होऊन गेली माझ्या परीक्षेला. पुढे मी स्वतः शाळेत हाच विषय शिकवला, हीच ओळ फळ्यावर लिहिली. तरी फाल्गुनातल्या उकाड्यात, काजूच्या बोंडांचा आंबूस वास हवेत असताना ती कानावर पडली की मी पुन्हा अकरावीतली शालू होते आणि घरात सगळे गप्प असतात.

तेव्हा अकरावीला मॅट्रिकची परीक्षा असे, आणि आमचा जिल्हा अजून रत्नागिरीच होता. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठी आमचं घर. घरामागे शिंपल्यांची भट्टी. वडील, म्हणजे आबा, शिंपले भाजून चुना करत. गावातल्या बायका ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं असे दोन जातींचे शिंपले काढून आणत, खाऊन झाल्यावर कवचं आमच्याकडे येत. भट्टीत कोळशाचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा कोळसा. खालून भात्यानं वारा द्यायचा. भाता ओढण्याचं काम तातूकाकाचं. तातूकाका आबांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो लहान होता, आबांनीच त्याला वाढवला. भात्याच्या तालावर तो काहीबाही गुणगुणायचा आणि आबा नुसते हुंकार देत. दोघांना बोलायला लागत नसे. आबांनी हात पुढे केला की काकानं सळई दिलेली असे.

भाजून निघालेला शिंपला मला फार आवडे. आकार तोच, रेषा त्याच, पण रंग पांढराफेक आणि हातात घेतला तर हलका, आतून कोणी काहीतरी काढून घेतल्यासारखा. त्यावर पाणी शिंपडलं की तो फसफसून तापायचा, वाफ यायची आणि बघता बघता त्याची भुकटी व्हायची. आबांची बोटं त्या चुन्यानं कायम चिरलेली. आई रोज जेवणानंतर त्यांना खोबरेल लावून द्यायची.

त्या वर्षी गावच्या देवळाचा सभामंडप नव्यानं बांधायला काढला होता. चुना विकत आणायचा नाही, गावानंच शिंपले द्यायचे आणि आबांनी भाजून द्यायचे असं ठरलं. पौषापासून घराघरातून शिंपल्यांनी भरलेल्या पाट्या येऊन पडू लागल्या. आमच्या अंगणात एवढा ढीग मी पुन्हा कधी पाहिला नाही. उन्हात त्याचा वास डोक्यात जाई.

देवळाच्या कामावर देखरेख शिवरामभाऊंची. ते मुंबईच्या गोदीत मालाची मोजदाद करत असत. निवृत्त होऊन गावी आले होते. माणूस कडक, पण खोटा नव्हता. त्यांनी वाण्याकडून मोठा काटा आणवला आणि सगळे शिंपले भट्टीत जाण्याआधी तोलून घेतले. आमच्याकडे असं कोणी कधी केलं नव्हतं. आबा पाटीनं शिंपले घेत आणि पाटीनंच चुना देत. भट्टी विझली, चुना निघाला, तेव्हा शिवरामभाऊंनी तोही तोलला.

तो अर्धा भरला. जेमतेम अर्धा.

मी पडवीत पुस्तक घेऊन बसले होते. काट्याभोवतीची माणसं एकदम पुढे सरकलेली मला आठवतात. पुन्हा तोललं, तेच. नवी किलोची वजनं नुकतीच आली होती, कोणीतरी हळूच म्हणालं, "ह्या किलोचो घोळ आसतलो." पण शिंपलेही त्याच किलोंनी तोलले होते.

"माका कोणाक चोर म्हणूचा नाय," शिवरामभाऊ म्हणाले. "पण गोदीत माल आत जाताना तोलीत, भायर येताना तोलीत. आत गेलो तितको भायर येवक व्हयो. अर्दो खंय गेलो, इतक्याच सांग."

"भाऊ, मी कधी तोलूक नाय," आबा म्हणाले. "मी पाटयेन मोजतंय. पाटयो बरोबर आसत."

"पाटयो बरोबर आणि वजन अर्दा? ह्या कसा?"

आयुष्यभर शिंपले भाजलेल्या आबांना, चुना हलका का होतो, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तो हलका होई एवढंच त्यांना ठाऊक. पण अर्धा? ते स्वतःच दचकले होते. माणसं पांगली, आणि संध्याकाळपर्यंत गावात एकच विषय होता.

संशय घरात कसा शिरतो हे मी त्या आठवड्यात पाहिलं. विजयदुर्गाकडे तातूकाकाची सासुरवाडी. काकी बाळंतपणाला तिकडेच गेलेली. आणि नेमकं त्याच वेळी तिथे घराच्या भिंती चुन्यानं लिंपण्याचं काम निघालं होतं. भट्टी जळत असताना राखणीला काका एकटाच असे. हे सगळं आम्हा सर्वांना माहीत होतं, आणि त्यात वावगं असं कोणालाच कधी वाटलं नव्हतं. आता आबा जेवताना मधेच थांबत. काकाकडे पाहत नसत. आई वाढताना दोघांच्या ताटांकडेच बघे.

एके सकाळी आबांनी विचारलं. काका भात्याच्या चामड्याला तेल लावत होता.

"तातू, तुझ्या सासुरवाडीक घराचा काम चल्लासा मां?"

"होय."

"थंय चुनो खंयसून गेलो?"

काकाचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. "दादा, तू माका ईचारतंस?"

आबा काहीच बोलले नाहीत. नाही म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. काका उठला, रांजणाजवळ जाऊन त्यानं हात स्वच्छ धुतले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि गेला. आई दारात उभी होती. तिला नुसतं "वैनी, येतंय" म्हणाला. तो वळणावरून दिसेनासा झाला तरी आई तिथेच उभी.

"तुमी असा ईचारूक नको होता," ती म्हणाली. आबा भट्टीकडे निघून गेले.

माझी परीक्षा तोंडावर आली होती, आणि माझ्या पुस्तकात ती ओळ होती. द्रव्याच्या अविनाशित्वाचा नियम. काही नष्ट होत नाही. तोपर्यंत मी तो नियम इतर शंभर गोष्टींसारखा पाठ केला होता. आता मी तो शब्द न् शब्द लावून वाचू लागले. नष्ट होत नाही, म्हणजे तो अर्धा माल कुठेतरी आहे. भट्टीत नाही, अंगणात नाही. मग कोणाच्या तरी घरी आहे. शिवरामभाऊ गोदीच्या भाषेत जे म्हणाले तेच माझं पुस्तक म्हणत होतं. मी पुस्तक मिटून ठेवी आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच पान उघडी. दुसऱ्या विषयाचा अभ्यास होईना. काका हसताना दिसायचा आणि पाठोपाठ मनात यायचं, पण त्यानं नेला असला तर?

शेवटी मी आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. पोतदार सर घाटावरचे, कोल्हापूरकडून आलेले. तरुण, सडपातळ, आमच्या बोलीतलं अर्धं त्यांना कळत नसे. वर्गात आम्ही दोघीच मुली. एक दिवस शाळा सुटल्यावर मी दाराशी थांबले.

"सर, द्रव्य नष्ट होत नाही हे नक्की ना?"

"नक्की. का?"

मी सगळं सांगितलं. काकाचं नाव सोडून. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"शालिनी, कॅल्शियम कार्बोनेट तापवलं तर काय होतं?"

मी धडाधड म्हणून दाखवलं. कॅल्शियम ऑक्साइड तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो.

"मग शिंपला म्हणजे काय?"

पुस्तकात चुनखडी होती, संगमरवर होता, खडू होता. शिंपला नव्हता. आमच्या अंगणात पडलेला तो घाणेरडा वास मारणारा ढीग म्हणजे पुस्तकातलं कॅल्शियम कार्बोनेट, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

सरांनी टेबलाच्या खणातून चिंचोके आणि गुंजा काढल्या. वर्गात अणुवाद शिकवताना ते त्याच वापरत. माझ्या हातात रस्त्यात उचललेली एक काजूची बी होती, तीही त्यांनी मागून घेतली. काजूची बी म्हणजे कॅल्शियम, चिंचोका कार्बन, गुंजा म्हणजे प्राणवायूचे अणू. एक बी, एक चिंचोका, तीन गुंजा. "हा तुमचा शिंपला," ते म्हणाले. मग एक चिंचोका आणि दोन गुंजा बाजूला सरकवल्या. "हे हवेत गेलं. उरली बी आणि एक गुंज. हा चुना. हरवलं काहीच नाही, पण तुमच्या काट्यावर ते आलं नाही. कालव असो की तिसरी, हेच. अर्धी गुंज नाही, दीड चिंचोका नाही. त्यामुळे वजनाचं प्रमाणही ठरलेलं. शंभर भागांमागे छप्पन्न."

ज्या इंग्रज शिक्षकानं दीडशे वर्षांपूर्वी हा अणुवाद मांडला त्यानंही अणू पाहिला नव्हता, असं सर म्हणाले. लोकांनी केलेल्या वजनांवरूनच तो तिथवर पोचला होता. मी ते धड ऐकलंही नाही. माझ्या डोक्यात छप्पन्नच होतं. धावत घरी आले आणि गणित मांडलं. शिंपल्यांच्या वजनाचे छप्पन्न भाग काढले. उत्तर चुन्याच्या वजनाशी जुळेना. चुना कमीच होता. फार नाही, पण काही पाट्या अजूनही कमी पडत होत्या. आधी अर्ध्या मालाचा संशय होता, आता माझ्याच गणितानं थोड्याशा मालाचा संशय पक्का केला होता. चोरून नेणारा थोडासाच तर नेतो. मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी गणित दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "शिंपले धुतलेले होते? कोरडे?" नव्हते. ओले होते, वाळू चिकटलेली, शेवाळ. "मग शंभरातले किती खरे शिंपले, ते मी सांगू शकत नाही. पुस्तकातलं कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध असतं. तुमच्या ढिगातले न भाजलेले काही शिल्लक आहेत?" होते. तोलून झाल्यावर आलेल्या शेवटच्या काही पाट्या कोपऱ्यात पडून होत्या. "तेच घ्या. न धुता. सगळ्यांसमोर तोला, भाजा आणि पुन्हा तोला. ढिगाचं प्रमाण आणि ह्याचं प्रमाण एक आलं, तर कोणी काही नेलेलं नाही."

"आणि नाही आलं तर?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "प्रयोगात जे येतं ते येतं," ते म्हणाले.

घरी येऊन मी आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनीही तेच विचारलं. "आणि वजन जुळला नाय तर?" ते बराच वेळ भट्टीच्या तोंडाशी बसले होते. मग उठले आणि स्वतःच शिवरामभाऊंकडे गेले. तो प्रयोग आबांनी नाकारला असता तर कोणीही दोष दिला नसता. काय होईल ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. प्रयोग रविवारी ठरला, आणि त्याच्याइतकी भीती मला परीक्षेचीही वाटली नाही.

शिवरामभाऊंनी दोन मडक्यांत शिंपले स्वतः तोलून भरले. एकात तिसऱ्या, एकात कालवं, वजन सारखं. भट्टी पेटली. आबा भाता ओढायला बसले. त्यांना तो ताल जमत नव्हता, मधे मधे वारा तुटायचा. शिवरामभाऊ माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले आणि सबंध दिवस उठले नाहीत. सर सायकलवरून आले होते. धुतलेल्या सदऱ्यावर राख पडत होती आणि ते सारखे चष्मा पुसत होते. मघाशी मला हळूच म्हणाले होते, "पूर्ण भाजलं नाही तर वजन जास्त येईल. थंड होऊन फार वेळ राहिलं तर चुना ह्या हवेतली ओल शोषून घेईल, तरी वजन वाढेल." म्हणजे त्यांनाही धाकधूक होती. मी माझ्या वहीत बघत होते आणि एकही अक्षर दिसत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा मडकी काढली. हात लावण्याइतकी निवली तशी शिवरामभाऊंनी तागडी धरली. तिसऱ्यांचा चुना अर्धा भरला. कालवांचा अर्धा भरला. मग सरांच्या सांगण्यावरून एका पारड्यात तिसऱ्यांचा चुना आणि दुसऱ्यात कालवांचा ठेवला. दांडी थोडी हलली आणि जवळजवळ सरळ राहिली. शिवरामभाऊ त्या दांडीकडे बघत राहिले. मोठ्या ढिगाचं प्रमाणही तेच होतं.

"म्हणजे अर्दो वारो?" त्यांनी विचारलं. "वारो इतको जड आसता?"

सरांनी एका पेल्यात कच्च्या शिंपल्याची पूड टाकली आणि वर लिंबू पिळलं. फेस आला, चरचर आवाज झाला. मग दुसऱ्या पेल्यात भाजलेला शिंपला टाकून लिंबू पिळलं. तो तापला, फुटला, पण फेस आला नाही. "हा तो वायू," सर पहिल्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले. "भट्टीत हाच निघून गेला." शिवरामभाऊंनी पेला उचलून कानाशी धरला. आवाज थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"हिशोब जुळलो," ते शेवटी म्हणाले. मग आबांजवळ जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माका आधी ह्या बघूक व्हया होता."

आबा नुसती मान हलवून आत गेले. आईनं सगळ्यांना चहा केला. सर माझ्याकडे बघून हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. चोरी झालीच नव्हती, हे आता सगळ्या गावाला कळलं होतं, आणि ज्याला कळायला हवं तो तिथे नव्हता.

दोन दिवसांनी मला परीक्षेला मालवणात आत्याकडे जावं लागलं. मी एसटीत चढले तेव्हा आबाही निघायच्या तयारीत होते, विजयदुर्गाकडे, काकाला गाठायला. पुढचे सगळे दिवस मी आत्याच्या माडीवर पुस्तक उघडून बसले आणि रस्त्याकडे कान लावला. कोणी आलं नाही, निरोप नाही. रसायनाच्या पेपरात स्थिर प्रमाणाचा नियम उदाहरणासह विचारला होता. पुस्तकात पाण्याचं उदाहरण होतं. मी शिंपल्यांचं लिहिलं. पर्यवेक्षक बाई दोनदा जवळ येऊन गेल्या. शेवटचा पेपर झाला, बाहेर आले, तर फाटकाशी आबा उभे. एकटेच.

आम्ही एसटी पकडली. तिठ्यावर उतरून घराकडे चालायला लागलो. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, पायाखाली तापलेली लाल माती. अर्धा रस्ता झाल्यावर मीच विचारलं.

"आबा, काका?"

"मी गेललंय थंय," ते म्हणाले. "सगळा सांगलंय तेका. वारो सांगलंय, मडकी सांगलंय, तुझो सर सांगलंय. तेणा सगळा ऐकान घेतल्यान." ते थोडं थांबले. "मगे तातू म्हणालो, दादा, तुका त्या सरान सांगला म्हणान समाजला. माका वाटला होता, तू माका ईचारूचो नाय."

आबांच्या चालण्याचा वेग कमी झाला नाही.

"मगे? येवचो नाय तो?"

"येतलो. गणपतीच्या चवथीक येतलो." आणखी काही पावलं गेल्यावर ते म्हणाले, "पावण्यासारखो."

मी पास झाले. सुट्टीभर भाता मी ओढला. काकानं सासुरवाडीच्या खाडीवर स्वतःची भट्टी घातली, असं पावसाआधी कळलं. आमच्या देवळाच्या भिंती शिवरामभाऊंनी तोललेल्या त्याच चुन्यानं लिंपून झाल्या आणि लोक ती गोष्ट विसरले. शिवरामभाऊ येता-जाता आबांची विचारपूस करत, अगत्यानं, थोडी जास्तच.

चवथीला काका आला. काकी, तिच्या कडेवर बाळ, हातात नारळ आणि खाज्याचा पुडा. आबांच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली, परीक्षेचं विचारलं. सगळं नीट होतं. पूर्वी तो जेवायला थेट चुलीपाशी उकिडवा बसायचा आणि आईच्या हातून ओढून घेतल्यासारखं ताट घ्यायचा. त्या दिवशी आईनं मधल्या खोलीत केळीचं पान मांडलं, पाणी ठेवलं आणि पाट टाकला. "वैनी, पाट कित्याक?" असं तो म्हणेल म्हणून ती पाटाजवळ वाकून थांबली. मीही दारात थांबले. आबांनी मान खाली घातली होती.

काका पाटावर बसला.